कमी धोक्याचा माणूस

दि. ३ जून

चि. टिटवी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या दयेला कोणताही उंबरठा विटाळत नाही, जो प्रार्थनागृहात जितका जागा असतो तितकाच तुरुंगाच्या भिंतीआडही जागा असतो, त्या कृपाळूला प्रथम वंदन. त्याने आम्हां वृद्धांना विवेक द्यावा, आणि दिलेला विवेक वापरण्याचे धैर्यही द्यावे. आता विषयाला हात घालतो.

आमच्या प्रार्थनागृहातील जीर्ण ग्रंथांची बांधणी करणारा बाइंडर तुला आठवतच असेल. शिवण सुटलेला तुझा शब्दकोश त्याने असा शिवून दिला होता की तू तो महिनाभर उशाशी घेऊन झोपत होतीस. सहा वर्षांपूर्वी तो तुरुंगात गेला. त्याची पत्नी, म्हणजे आमच्या गल्लीतील टेलरबाई, तिची पहिल्या लग्नाची थोरली मुलगी; तिच्या बाबतीत त्याच्या हातून घडू नये तो प्रसंग घडला. थोरली आता सज्ञान आहे आणि दूर कोठेतरी नोकरी करते. घरी टेलरबाई आणि धाकटी, ही बाइंडरची स्वतःची मुलगी, वय वर्षे नऊ.

आता त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार चालू आहे. सुटल्यावर तो कोठे राहील आणि ते घर योग्य असल्याची हमी गावातील कोण प्रतिष्ठित माणूस देईल, असे सुटकेच्या मंडळाने विचारले आहे. टेलरबाई कागद घेऊनच माझ्याकडे आली. म्हणाली, "मामा, तुमची सही पडली की दुसरा प्रश्नच कोणी विचारणार नाही."

तुरुंगातील मानसतज्ज्ञाने त्याची कसलीशी वर्गवारी केली असून अहवालात आकडे मांडून ‘धोका कमी’ असे लिहिले आहे. तू दुसऱ्या तुरुंगात हेच काम करतेस, म्हणून विचारतो. माणसे बरण्यांत भरून वर चिठ्ठ्या चिकटवण्याचे हे तुमचे शास्त्र आहे तरी काय? ते विश्वासार्ह आहे ना? असल्यास सही करावी म्हणतो.

तुझा,
मामा


दि. ८ जून

ती. मामांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाइंडरला मी तपासलेले नाही. तपासले असते तर त्याच्याविषयी तुम्हाला एक अक्षर लिहिले नसते. म्हणून जे लिहिते ते शास्त्राविषयी आहे असे समजावे.

आधी थोडे भांडते. तुम्ही ‘प्रसंग’ लिहिले आहे. तो खटला त्या वेळी सगळ्या गावाने वाचला होता. चार वर्षे चाललेल्या गोष्टीला प्रसंग म्हणत नाहीत, मामा. ‘हातून घडला’ असेही म्हणत नाहीत. हातून पेला पडतो. त्याने एका लहान मुलीवर, तिच्याच घरात, लैंगिक अत्याचार केला. माझ्या कामाची पहिली पायरी हीच आहे की गोष्टीला तिचे नाव द्यायचे. कैद्याला ते शिकवायला आम्हाला कधीकधी वर्ष लागते.

राहिल्या बरण्या. ग्रंथांच्या कपाटाचे तीन वर्ग पाडणाऱ्या माणसाने (रोजचे, अडीअडचणीचे आणि कोणालाही उसने न देण्याचे) हा टोमणा मारावा याची गंमत वाटली! सगळ्यांना एकच उपचार दिला तर तो कोणालाच लागू पडत नाही, म्हणून आम्हीही वर्ग पाडतो. काहींचा ओढाच मुलांकडे असतो; घर बदलले, गाव बदलले तरी तो ओढा त्यांच्याबरोबर जातो, आणि त्यांना जन्मभर त्याच्यावर पहारा द्यायला शिकावे लागते. काहींचा राग, अपमान, हुकमत गाजवण्याची हाव एखाद्या बाईच्या अंगावर उतरते. काहींना कुठलाच नियम मानवत नाही. ते चोरीही करतील, डोकीही फोडतील आणि हेही करतील. आणि काही असतात घरातले. बाहेर सज्जन, आत मालक. रस्त्यावरच्या अनोळखी मुलीकडे ते मान वळवूनही पाहणार नाहीत. त्यांना लागते ती ताब्यातली, त्यांच्यावर विसंबलेली, आणि बोलली तरी जिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी.

एकही माणूस या चौकटींत पुरता मावत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कुठून सुरुवात करायची ते त्यांच्यामुळे कळते. डोकी फोडणाऱ्याला राग आवरायला शिकवतात. तेच धडे घरातल्या सज्जनाला दिले तर तो वर्गात पहिला येईल आणि होता तसाच बाहेर पडेल.

तुमच्या गुडघ्याला आता कसे आहे? मामी असती तर तिने तुम्हाला जिने चढू दिले नसते.

तुमची,
टिटवी


दि. १३ जून

चि. टिटवी,

तुझे पत्र दोनदा वाचले आणि मन प्रसन्न झाले. अगं, हा तर आमचा अधिकारभेदच! सर्व शिष्यांना एकच उपदेश करू नये, ज्याची जशी घडण तसे त्याला साधन द्यावे, हे शास्त्रकार किती काळापासून सांगत आले आहेत. तुम्ही तेच तुरुंगात नेऊन मांडले आहे. बरण्यांची थट्टा मी मागे घेतो.

आता बघ, किती नीट जुळते. बाइंडर तुझ्या शेवटच्या वर्गातील. अनोळखी मुलीकडे तो पाहणार नाही, हे तुझेच शब्द. दुसरा कोणताही गुन्हा नाही, दारू नाही, वयाची पन्नाशी उलटलेली. म्हणूनच तपासणाऱ्याने धोका कमी लिहिला. शिवाय धाकटी ही त्याच्या पोटची मुलगी. तुरुंगात तो रोज पहाटे पाठ करतो, त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि पत्रांत पश्चात्ताप ओसंडून वाहतो. शास्त्राने शास्त्राला दुजोरा दिला!

टेलरबाईला मी शब्द दिला आहे. येत्या सोमवारी सही करणार. तिने भिंती रंगवायला काढल्या आहेत. माझ्या शब्दाने एक घर पुन्हा उभे राहत असेल तर या वयात याहून मोठे पुण्य कोणते?

तुझा,
मामा


दि. १५ जून

ती. मामांस सा. न.

सही करू नका.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. सविस्तर मागाहून लिहीन. सोमवार टाळा, गुडघ्याचे निमित्त सांगा, काहीही सांगा. पण त्या घराच्या हमीवर तुमचे नाव घालू नका.

टिटवी


दि. १८ जून

चि. टिटवी,

तुझे नाव टिटवी कोणी ठेवले ते मला ठाऊक नाही, पण ज्याने ठेवले त्याला भविष्य कळत असावे. चार ओळींत इतका कलकलाट मी पूर्वी ऐकला नव्हता.

सोमवार टाळला. सबब सांगितली नाही. ‘अजून विचार करतो’ इतकेच म्हणालो. टेलरबाईचा चेहरा पाहवला नाही.

पण मला राग आला आहे, आणि तो लपवणे असत्य ठरेल. तू म्हणालीस, शास्त्र आहे. मी मानले. शास्त्र म्हणाले, धोका कमी. मी तेही मानले. आता तू म्हणतेस, सही करू नका. आकडा तुझ्या मनासारखा बोलला की शास्त्र, आणि माझ्या मनासारखा बोलला की कलकलाट? आमच्यात असा वाद घालणाऱ्याला सभेतून उठवतात.

दुसरे. तुमच्या मोजमापात पश्चात्तापाला जागा आहे की नाही? पहाटेच्या पाठाला? तुमच्या चिठ्ठीवर माणूस जन्मभर तोच राहत असेल, तर तुम्ही उपचार कसले करता?

उत्तर दे. नीट पटवून दिलेस तर ऐकेन. मी हट्टी आहे, बहिरा नाही.

मामा


दि. २१ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

रागावलात ते बरे झाले. गोड बोलून सही केली असतीत तर मी काय करणार होते?

आकडा खोटा नाही. तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारता आहात. तो सांगतो की अशा शंभर माणसांपैकी फार थोडी पुन्हा पकडली जातात. ‘पकडली’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण घरातल्या गोष्टी घराबाहेर येतातच असे नाही. आणि आता मुख्य गोष्ट. त्या शंभरांतल्या पुष्कळांना पुन्हा कधी लहान मुलीबरोबर एका छपराखाली राहूच दिले गेले नाही. आकडा कमी येतो त्यात त्या बंद दाराचाही वाटा आहे. दार बंद ठेवून मिळालेला आकडा हातात घेऊन तुम्ही दार उघडायला निघाला आहात.

अनोळखी मुलीकडे तो पाहणार नाही, असे मी लिहिले. तुम्ही त्यातून ‘सुरक्षित’ एवढेच घेतले. तो कोणासाठी सुरक्षित? बाजारातल्या मुलीसाठी. आणि ज्या एका घरात तो सुरक्षित नाही त्याच घराची हमी तुम्ही देणार. पोटची मुलगी म्हणून खात्री वाटते? माझ्यासमोर बसणाऱ्या बापांची लेकरेही पोटचीच असतात.

पश्चात्तापाला जागा आहे, पण आम्ही तो अश्रूंवरून मोजत नाही. अश्रू खोटे असतात असे नाही. माणूस मनापासून रडतो आणि मनापासून तेच पुन्हा करतो, हे मी पाहिले आहे. आम्ही पाहतो की गुन्ह्याकडे जाणारी आपली वाट कुठून सुरू होते ते त्याला कळले का, आणि ती वाट दिसताच तो काय करणार. माणूस बदलत नसता तर मी ही नोकरी केव्हाच सोडली असती. पण बदललेला माणूस मला बंद दार मागताना दिसतो. दार उघडा म्हणणारा दिसला की मी सावध होते.

आता एक कडू बोलते. तुमच्या पत्रांत बाइंडरचे अक्षर आहे, पाठ आहे, वय आहे. टेलरबाईचा रंग आहे. थोरलीला दोन ओळी मिळाल्या. धाकटीला तिचे वय आणि ती कोणाच्या पोटची एवढेच.

माझे ऐकूच नका. त्याला भेटा, आणि एकच विचारा: रविवारी दुपारी घरात तू आणि धाकटी दोघेच असाल, तर काय करशील? उत्तर ऐका. मध्ये त्याला मदत करू नका. तुम्हाला प्रवचनाची सवय आहे म्हणून सांगते.

तुमची,
टिटवी


दि. ३० जून

चि. टिटवी हिस आशीर्वाद.

काल जाऊन आलो. जे झाले ते जसेच्या तसे लिहितो. सजवले तर ते खोटे होईल.

भेटीची खोली लांबट आहे. टेबले जमिनीला बोल्टने जखडलेली. पहारेकऱ्याने माझी काठी काढून घेतली आणि परत जाताना मिळेल म्हणाला. बाइंडर आला. केस पांढरे झाले आहेत, पण बोटे तीच, दाभण धरून वाकलेली. बसताच म्हणाला, "सही झाली का, मामा?"

"त्याआधी एक विचारायचंय."

"विचारा की."

"रविवारची दुपार. टेलरबाई गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेलीय. घरात तू आणि धाकटी. काय करशील?"

तो हसला. "हे तुमच्या भाचीचं काम दिसतंय."

"तिचंच आहे. उत्तर दे."

माझ्या जिभेवर तीन वचने आली आणि तिन्ही मी गिळली. मग तो खाली बघत बोलू लागला.

"इथे उपचारांच्या गटात हाच प्रश्न विचारतात. पहिल्या वर्षी मी म्हणायचो, काय करणार, गणित शिकवीन. तर कोणी काही बोलेना. तिथे बसलेले सगळे असेच गणित शिकवणारे होते, मामा."

"आणि आता काय म्हणतोस?"

"आता म्हणतो, ती दुपार यायलाच नको. मी त्या घरातच नको."

मी थक्क झालो. "अरे, मग बायकोला सांगितलंस का?"

"कसं सांगू? दर भेटीला ती सांगते, भिंत रंगवली, तुझी खुर्ची वेताने विणून घेतली. तोंड उघडवत नाही. वाटलं होतं, मामा तरी नाही म्हणतील. तर तुम्हीही हो म्हणालात. मग मलाच वाटायला लागलं, मामा म्हणतात तर आपण खरंच चांगले असू. आणि असं वाटलं ना, की मला भीती वाटते."

"मी तुला चांगला माणूस समजत आलो, म्हणून तर..."

"तेच म्हणतोय मी!" तो इतक्या मोठ्याने बोलला की पहारेकऱ्याने मान वळवली. "तेच तर माझं हत्यार होतं. थोरलीने एकदा आईला सांगायचा प्रयत्न केला होता. आई काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, ज्याला मामा प्रार्थनागृहात सगळ्यांदेखत आपल्या शेजारी बसवतात, त्याच्याबद्दल असं बोलतेस? त्यानंतर पोरगी दोन वर्षं बोलली नाही."

टिटवी, या वाक्यावर मी काही लिहिणार नाही. लिहिले तर ते माझ्याविषयी होईल, आणि विषय मी नाही.

मी त्याला एवढेच म्हणालो, "हे टेलरबाईला तू सांगायचंस. पुढच्या भेटीला मी तिच्या शेजारी बसेन, पण बोलायचं तूच." त्याने मान हलवली. मी म्हणालो, "मान नको, शब्द दे." त्याने शब्द दिला.

तेथून तडक टेलरबाईकडे गेलो. ती मशीनवर होती. सही करणार नाही असे उभ्यानेच सांगितले.

"तुम्ही शब्द दिला होतात, मामा."

"दिला होता. तो परत घेतोय."

"मामांनीच शब्द फिरवला म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"आणि मी? जन्मभर एकटीनेच कात्री चालवायची? सगळ्यांना त्या पोरींची काळजी. माझं काय?"

तिने पाय मारून मशीन पुन्हा सुरू केली आणि मी बाहेर पडलो. धाकटी पायरीवर खडूने घर काढत होती. मला म्हणाली, "मामा, पाय बाजूला घ्या, तुम्ही खिडकीवर उभे आहात."

मी बाजूला झालो. आता पुढचे सांग. नाही म्हणून झाले. पण घर नाही, तर तो जाईल कोठे? नुसते नाकारून हात झटकणारा मी नव्हे.

मामा


दि. ५ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले, वाचले. मग कामाला लागले. तुम्हीही लागा.

मंडळाला स्पष्ट लिहा: या घराची हमी देत नाही, कारण घरात लहान मुलगी आहे. त्याला वेगळी खोली लागेल, शेजारी मुले नसलेली. काम लागेल. आणि त्याच्याभोवती चार माणसे लागतील, जी आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर बसून आडपडदा न ठेवता विचारतील. कौतुक करणारी नकोत. लाजणारी तर मुळीच नकोत. देखरेख अधिकारी असेलच. पण अधिकाऱ्याला चुकवणे सोपे असते, आपल्यासाठी वेळ काढणाऱ्या माणसांना चुकवणे जड जाते.

त्याच्या उत्तराने भारावून जाऊ नका. ते चांगले उत्तर आहे. पण तुम्हाला खूश करणे त्याला फार चांगले जमते, आणि ती सवय अजून सुटलेली नाही. पुढच्या महिन्यातही तोच प्रश्न विचारा, त्याच्या पुढच्याही.

थोरलीकडे जाऊ नका. तुम्हाला जावेसे वाटत असणार. तुम्ही क्षमा मागाल, मग तुमचे समाधान करण्याचे कामही तिलाच करावे लागेल. सुटकेची बातमी तिला कळवायला स्वतंत्र अधिकारी आहे. तिला तुमच्याशी बोलायचे असेल तर ती बोलेल. नसेल तर तेही तिचेच.

आणि टेलरबाईचा प्रश्न खरा आहे. तिच्यासाठीही कोणीतरी हवे. तुम्ही नव्हे, आज तुमचे तोंडही पाहणार नाही ती. एखादी बाई शोधा.

टिटवी


दि. १४ सप्टेंबर

चि. टिटवी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाइंडर परवा सुटला. मंडळाने घराची मागणी नाकारली आणि आम्ही सुचवलेली जागा मान्य केली. छापखान्याच्या मागील बाजूस एक खोली आहे; खिडकी कागदाच्या गोदामावर उघडते, मुलांची वर्दळ नाही. दिवसा छापखान्यात बांधणीचे काम. टेलरबाईला त्याने स्वतः सांगितले. मी शेजारी होतो. ती तडक उठून गेली. त्यानंतर प्रार्थनागृहातही आलेली नाही.

चार माणसे मिळाली: निवृत्त परिचारिका, छापखान्याचा मालक, कुलपे दुरुस्त करणारा आणि मी. कुलूपवाला म्हणाला, "माझं आयुष्य दारं उघडण्यात गेलं, आता एक बंद ठेवून बघतो." परिचारिका तुला फार आवडेल. काल पहिली बैठक झाली. मी चांगले अर्ध्या तासाचे प्रास्ताविक तयार केले होते. तिने मला पहिल्याच वाक्यावर थांबवले आणि त्याला विचारले, "आज कोणाला खोटं सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्हालाच. आल्या आल्या ‘बरं चाललंय’ म्हणालो ना!"

कुलूपवाला हसला. परिचारिका हसली नाही. "मग आता खरं सांग," म्हणाली. आणि त्याने सांगितले. ते येथे लिहीत नाही. रविवारच्या दुपारचा प्रश्न मीच विचारला, आणि दर महिन्याला विचारणार आहे, माझा श्वास आहे तोवर. टेलरबाईकडे हीच परिचारिका शिवण टाकण्याच्या निमित्ताने जाऊ लागली आहे. दोन झगे उगाच शिवून झाले. तिसऱ्या वेळी टेलरबाई रडली.

प्रार्थनागृहात बाइंडर येणार नाही, तेथे मुलांचा वर्ग भरतो. प्रार्थना करायची असेल तेव्हा मी त्याच्या खोलीवर जाईन. आणि माझ्या आसनाशेजारी मान्यवराला बसवण्याची रीत मी मोडली आहे. काही मंडळी रुसली. एकाने विचारले, "मग आमचा मान कुठे?" मी म्हणालो, "सगळ्यांबरोबर सतरंजीवर." मुलांच्या वर्गाचे दार आता उघडे असते, आणि वर्गात दोन मोठी माणसे असतात. त्यांपैकी एक मी असलो तरी दुसरे असतेच.

शेवटचे. थोरलीला निर्णय कळवणारा अधिकारी काल भेटायला आला. तिने सांगण्याची परवानगी दिली होती, म्हणून त्याने सांगितले. कागद वाचून तिने एवढेच विचारले की घराच्या हमीवर मामांची सही आहे का. नाही म्हटल्यावर तिने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे धाकटीला भेटायला मी त्या घरात येऊ शकते." येत्या शनिवारी ती येत आहे. तू सांगितल्याप्रमाणे मी तिच्या वाटेत उभा राहणार नाही. शनिवारी दिवसभर घरातच बसेन, दार लावून.

ज्याच्या कृपेने हे लिहवले त्याच्यापाशी आता एवढेच मागणे. हे पत्र तुझ्यानंतर ज्या कोणाच्या हाती पडेल आणि जो कोणी ते वाचेल, त्याच्या घरातील लेकराला जे सांगायचे असेल ते सांगता येवो, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्याच खेपेस खरे वाटो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना निर्भय झोप लाभो. ज्यांनी तो केला त्यांना स्वतःवर पहारा देण्याचे बळ लाभो. आणि ज्यांच्या सहीला वजन आहे, त्यांचा हात योग्य वेळी थांबो. सर्वांचे कल्याण असो.

तुझा,
मामा